अभ्यासाच्या नावाखाली उघडलेला मोबाइल

(पत्र थोडक्यात देत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"ताई, मी सव्वीस वर्षांचा आहे. लातूर जिल्ह्यातून राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आलो, हे चौथं वर्ष. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. सकाळी आठला अभ्यासिकेत बसतो, रात्री अकराला उठतो. खरं सांगायचं तर त्यात तीन तासही अभ्यास होत नाही. परवा मोबाइलमध्ये बघितलं, एका दिवसाचा आकडा ९ तास १२ मिनिटं. सुरुवात कायम अभ्यासानेच होते. करंटची (चालू घडामोडींची) पीडीएफ, टेलिग्रामवरचा ग्रुप, कुणाची तरी स्ट्रॅटेजी, आणि मग रील्स. रात्रीचे अडीच वाजतात. इन्स्टाग्राम सहा वेळा काढून टाकलं, सात वेळा घातलं. रविवारी रात्री तर विचारूच नका. मागच्या पूर्वपरीक्षेत मी कट-ऑफच्या ३१ मार्क खाली होतो. घरी सांगितलं, दोन मार्कांनी गेली. अप्पा महिन्याला नऊ हजार पाठवतात, सोयाबीनला भाव नसतानाही. रूममेट म्हणतो मुक्तांगणला, त्या व्यसनमुक्ती केंद्रात जा. मी काय दारुडा आहे का? हे खरंच व्यसन असतं, की मी नुसता आळशी आहे? यावर गोळी असते का? – तुमचा लहान भाऊ"

लहान भावा,

सही तशी केलीयस म्हणून अहो-जाहो करत नाही.

सहा वेळा काढलं आणि सात वेळा घातलं, हे वाचून मला आधी हसू आलं. मग ते वाक्य पुन्हा वाचलं. आळशी माणूस एकदासुद्धा काढत नाही रे. त्याला काढावंसं वाटत नाही. तू सहा वेळा दार लावलंस आणि सहा वेळा स्वतःच उघडलंस. त्यामुळे आळशीपणाचा मुद्दा इथेच मिटवू.

आता व्यसनाचं. या शब्दाची गोष्ट मजेशीर आहे. १९९५ साली इव्हान गोल्डबर्ग नावाच्या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञाने चेष्टा म्हणून 'इंटरनेट व्यसन विकार' नावाचा आजार रचला. मनोविकारांची जी जाडजूड अधिकृत यादी असते तिची टर उडवायची होती त्याला. आणि लोक त्यालाच कळवायला लागले की अहो, मला झालाय हा आजार. पुढच्याच वर्षी किम्बर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तोच विषय गंभीरपणे परिषदेत मांडला. त्यांनी तयार केलेली २० प्रश्नांची चाचणी अजून वापरतात. म्हणजे तू ज्याला नाव शोधतोयस त्यावर तुझ्या जन्माच्या आधीपासून वाद चालू आहे.

तो वाद अजून मिटलेला नाही, हेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग विकार' आहे. रील्सचा विकार नाही, टेलिग्रामचा नाही. पण त्या गेमिंगसाठी ज्या खुणा दिल्यात त्या बघ. ताबा राहत नाही. बाकी सगळ्या गोष्टी मागे पडून तीच एक पुढे येत जाते. आणि नुकसान दिसत असूनही ती चालूच राहते. साधारण वर्षभर हे असं असेल तर डॉक्टर नाव देतात. गेमच्या जागी स्वतःची गोष्ट ठेवून वाच आणि तूच ठरव. पुस्तकात नाव नाही म्हणून कुठलाही समुपदेशक तुला दारातून परत पाठवणार नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तर २०१४ पासून फक्त याच कामासाठी वेगळं क्लिनिक चालतं.

मी स्वतः काही सोवळी नाही. मागच्या दिवाळीआधी महिनाभर मी रात्री साडेबारापर्यंत फेसबुकवर साड्यांचं लाइव्ह बघत बसायचे. एक बाई अखंड बोलतेय, एकेक साडी उलगडतेय, खाली "बुक्ड, बुक्ड" चाललंय. मी एकही साडी घेतली नाही. पैठणी नेसून जायला मला ठिकाणही नाही. तरी पुढची कुठली निघते ते बघायला थांबायचेच. मुलीने एकदा विचारलं, "आई, तू नेमकं काय बघतेयस?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या "पुढची कुठली" मध्येच सगळी मेख आहे. तुमच्या गावच्या जत्रेत सोरट असतं ना? चिठ्ठी फाडायची, बहुतेक वेळा काहीच नाही, कधी कंगवा, आणि एखाद्याला स्टीलचा डबा. दर चिठ्ठीला कंगवा निघाला असता तर पोरं दहा मिनिटांत कंटाळून पाळण्याकडे गेली असती. कधी काय निघेल हे माहीत नसतं म्हणून ती तिथून हलत नाहीत. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच तपासलं होतं. चोच मारली की कधी दाणा मिळतो, कधी नाही, आणि कितव्या चोचीला मिळेल याचा नेम नाही, असं ठेवलं की कबुतर जोरात चोची मारतं. दाणा कायमचा बंद केला तरी ते लवकर थांबत नाही. तुझा अंगठा वर सरकतो तेव्हा तीच चोच असते. शंभरातल्या नव्वद रील्स तुला आवडतही नाहीत, हे तूही कबूल करशील.

त्यात भर म्हणजे तळ काढून टाकलेला आहे. पूर्वी पान संपायचं, 'पुढचे पान' दाबावं लागायचं. तेवढ्या अर्ध्या सेकंदात माणूस शुद्धीवर यायचा. २००६ साली अझा रस्किन नावाच्या एका डिझायनरने न संपणारं पान बनवलं. पुढे त्यानेच जाहीरपणे त्याबद्दल खंत व्यक्त केली, पण तोवर ते सगळीकडे पोचलं होतं. तुमच्या मेसमधली अनलिमिटेड थाळीसुद्धा पोटाशी येऊन थांबते. इथे पोटच नाही.

आणि तुझ्या बाबतीत आणखी एक गंमत. तुझा रिचार्ज रोज दीड-दोन जीबीचा असणार. तो रात्री बारा वाजता नवा होतो. म्हणजे दिवसभराचा डेटा संपून मोबाइल एकदाचा गप्प झाला असताना, नेमक्या झोपायच्या वेळेला, कुणीतरी ताट पुन्हा वाढून ठेवतं. अकराला अभ्यासिकेतून उठायचं, खोलीवर यायचं, आंघोळ करायची, आणि बारा. तुझे अडीच कसे वाजतात याचा अर्धा हिशेब इथे आहे.

उरलेला अर्धा तुझ्या पत्रातच आहे. "सुरुवात कायम अभ्यासानेच होते" असं तू ओघात लिहून गेलायस. माझ्या दृष्टीने पत्रातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाक्य.

माझ्याकडे एक मुलगी यायची, तुझ्यासारखीच, परीक्षा वेगळी. तिला मी एक वही करायला सांगितली होती. मोबाइल किती वेळ बघितला हे लिहायचं नाही, ते मोबाइलच मोजतो. हातात घेतला त्याच्या आधीच्या मिनिटाला काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. चार दिवसांनी तिने वही माझ्यासमोर ठेवली. त्यातल्या ओळी तिच्या परवानगीने सांगते. "११.४०. उतारा दोनदा वाचला, कळला नाही." "४.१५. टेस्टचे मार्क लागले." "६.३०. शेजारच्या टेबलावरची पुढच्या धड्यावर गेली." "९.०५. आईचा फोन. कधी आहे गं परीक्षा." दोन-तीन ठिकाणी नुसताच "कंटाळा". बाकी सगळीकडे, बघ, काहीतरी टोचलेलं आहे. टोचलं की हात मोबाइलकडे. वही दाखवताना ती म्हणाली, "मला वाटायचं मोबाइलमुळे अभ्यास होत नाही. इथे तर उलटं दिसतंय."

पूर्ण उलटं नसतं, दोन्ही बाजूंनी चालतं. पण तुझ्या वहीतही हेच निघेल अशी माझी अटकळ आहे. अवघड प्रश्न समोर आला, आपल्याला येत नाही हे कळलं, आणि ती टोच सोसवेना. अशा वेळी रील्स उघडायला मन धजत नाही, कारण आपण अभ्यासिकेत बसलोय. मग मन सभ्य वाट काढतं: करंटची पीडीएफ बघू, टॉपरने काय केलं ते ऐकू. अभ्यासाबद्दल ऐकणं हा अभ्यासातून सुटायचा फार प्रतिष्ठित मार्ग आहे. तासभर स्ट्रॅटेजी ऐकून उठलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि अवघड प्रश्न होता तिथेच. चार वर्षांत स्ट्रॅटेजीचे असे किती तास झाले असतील? मोजू नकोस, पण मनात ठेव.

म्हणून पहिलं काम हे. उद्या चाळीस पानी वही घे. आठ दिवस मोबाइल कमी करायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. नुसती आधीच्या मिनिटाची नोंद. लिहायचं म्हणून आपोआप थोडा कमी होईल, ते सोड.

आठ दिवसांनी आवराआवर. मोबाइल कुणाला देऊन टाक, साधा फोन घे, असं मी सांगणार नाही. मेसचे पैसे त्यावरून जातात, ओटीपी त्यावर येतो, आयोगाचं हॉल तिकीट त्यावर निघतं, अप्पांचा फोन त्यावर येतो. दारू सोडणाऱ्याला बाटली पुन्हा न बघता जगता येतं. तुझं दुखणं खादाडपणाच्या जवळचं आहे. जेवण बंद करता येत नाही, काय आणि कधी ते ठरवावं लागतं.

इन्स्टाग्राम सातव्यांदा काढून आठव्यांदा घालण्यापेक्षा त्याचा पासवर्ड रूममेटला बदलू दे. नंबर आणि मेलही त्याचाच टाकू दे. परीक्षा होईपर्यंत तो तुला सांगणार नाही. मुक्तांगणला जा म्हणण्याइतकी काळजी त्याला आहे, तर एवढं तो करेल. यूट्यूब मोबाइलमधून निघत नाही आणि तुला ते लागतं. त्यातली वॉच हिस्ट्री बंद कर आणि आधीची पुसून टाक. मग उघडल्यावर पहिलं पान रिकामं दिसतं. काय हवं ते टाइप करून शोधावं लागतं, समोर काही वाढलेलं नसतं. शॉर्ट्स त्यानेही पूर्ण जात नाहीत, पण फरक पडतो. टेलिग्रामचे किती ग्रुप आहेत? एक ठेव. करंटचं मासिक छापील घे, किंवा पीडीएफ आठवड्यातून एकदा झेरॉक्सवाल्याकडे नेऊन छाप. सदाशिव पेठेत झेरॉक्सचं दुकान सापडायला दहा पावलं पुरतात. पैसे जातील. नऊ हजारांतले जातील हे मला कळतंय. पण रोजच्या डेटाचा रिचार्ज संपला की महिन्याला मिळून दोन-तीन जीबी देणारा घे. त्यात थोडं भरून निघेल आणि रात्री बाराचं ताटही बंद होईल.

मोबाइलमधल्या टाइमरवर फार भिस्त ठेवू नकोस. तो तूच लावतोस आणि तूच उठवतोस. स्क्रीन काळी-पांढरी करून बघ. कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही. मला झाला. करड्या रंगातली पैठणी कुणाच्याने बघवत नाही.

झोपेचं मात्र मनावर घे. बाकी काही नाही जमलं तरी हे कर. कॉट बेसिसच्या खोलीत चार्जिंगचा पॉइंट नेमका उशाशी असतो, आणि "अलार्मला लागतो" म्हणून मोबाइल उशाखाली. रविवार पेठेत दोनशे रुपयांच्या आसपास गजराचं घड्याळ मिळतं, कर्कश वाजणारं. ते आण. मोबाइल रात्री साडेअकराला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, ट्रंकेवर. एक्स्टेंशन बोर्ड लागला तर घे. अडीचला झोपून आठला टेबलावर बसणाऱ्या मेंदूला अवघड प्रश्न सुटत नाही, तो जास्त टोचतो, आणि मग हात पुन्हा मोबाइलकडे. ही साखळी रात्री तोडायला सगळ्यात सोपी, कारण झोपलेला माणूस मोबाइल बघत नाही.

पहिले आठ-दहा दिवस वाईट जातील. उगाच चिडचिड होईल, मेसमधल्या भाजीवरून कुणाशी तरी भांडशील. खिशात मोबाइल थरथरल्याचा भास होईल. रिकामं टेबल अंगावर येईल. सगळ्यांना माझ्याशिवाय काहीतरी कळतंय असं वाटेल. यात बिघडल्याचं काही लक्षण नाही. तीन मिनिटांचा कंटाळासुद्धा सहन करायची सवय गेलीय, ती परत येताना अशीच येते. अशा वेळी उठून चालायला जा. पर्वती जवळ आहे. १०३ पायऱ्या चढून उतरेपर्यंत पंचवीस मिनिटं जातात आणि हातात काही धरलेलं नसतं. त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीवर बसून नुसतं मनाशी झुंजू नकोस. हरशील.

आणि घसरशील. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या अनुभवात खरं नुकसान घसरण्याने होत नाही. ते त्यानंतरच्या दोन तासांत होतं. दुपारी तीनला वीस मिनिटं रील्स बघितल्या. बघितल्या तर बघितल्या. पण मन म्हणतं, आजचा दिवस गेलाच, आता उद्यापासून नीट. आणि त्या "गेलाच" मध्ये रात्र जाते. तुझ्या सहा वेळांमधल्या बहुतेक वेळा अशाच गेल्या असणार. वहीत लिही: "३.००, वीस मिनिटं, आधी अमुक." मग तीन वीसला जो प्रश्न होता तोच पुन्हा समोर घे. दिवसाचा निकाल लावायचा नाही.

एकट्याने करू नकोस. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात. करोनानंतर पोरांच्या हातातून मोबाइल सुटेना म्हणून गावाने हे ठरवलं. मला यातलं आवडतं ते असं, की पोराला "तू ठेव" म्हणून आई स्वतः मालिका बघत बसली नाही. सगळ्यांनी एकदम ठेवला. तुमच्या खोलीत चौघं आहात ना? बाकीच्या तिघांचे आकडे विचार एकदा. तुझे ९ तास ऐकून कुणी हसणार नाही, मी पैज लावते. साडेअकराला चारही मोबाइल ट्रंकेवर, असं ठरलं तर तुला मनाशी फार झगडावं लागणार नाही.

आता त्या दोन मार्कांबद्दल.

हे तू पत्रात मधेच, सोयाबीनच्या आधी, एका वाक्यात उरकलंस. मला वाटतं रात्री बारा ते अडीच तू ज्याच्यापासून लांब पळतोस ते हेच आहे. दोन मार्कांनी हुकलेल्या मुलाकडून घरचे पुढच्या वेळी पास होण्याची अपेक्षा करतात. करणारच. अप्पांचा फोन आला की ती अपेक्षा कानात पडते, आणि तिच्याखालचे २९ मार्क फक्त तुला माहीत असतात. एवढं ओझं घेऊन कुणाला झोप लागेल? मोबाइल तेवढा वेळ ते विसरायला लावतो. म्हणजे तो काम चोख करतोय.

अप्पांना खरं सांग. रागावतील का? कदाचित. पण नऊ हजार रुपये ते कशावर लावतायत हे त्यांना कळायला हवं, पैसे त्यांचे आहेत. पीक किती आलं हे शेतकऱ्याला खोटं सांगून चालत नाही. त्यांनी आजवर तुझ्यापेक्षा वाईट आकडे बघितलेत. फोनवर लांबण लावू नकोस. "अप्पा, मागच्या वेळी दोन नव्हे, ३१ मार्कांनी गेली होती. खोटं बोललो. मोबाइलचा नाद लागलाय, त्यावर काम चालू केलंय. अजून एक परीक्षा देतो, आणि त्यानंतर काय करायचं ते तुमच्याशी बसून ठरवतो." एवढंच. त्यातलं शेवटचं वाक्य गाळू नकोस. या पेठांमध्ये अभ्यास करणारी कितीतरी पोरं "अजून एक अटेम्प्ट" ला शेवट नसल्यामुळे अडकून पडलीत. हे दुसरं न संपणारं पान, आणि हे कुणा डिझायनरने बनवलेलं नाही.

मुक्तांगणबद्दल तू जे लिहिलंयस त्यावर मी जरा रागावलेय. "मी काय दारुडा आहे का?" दारू पिणाऱ्याने मदत घेतली तर तो तुझ्यापेक्षा दोन पावलं पुढे आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने ते केंद्र सुरू केलं तेव्हा समोर गर्दमध्ये, म्हणजे ब्राउन शुगरच्या नशेत अडकलेली तुझ्याच वयाची पोरं होती. चांगल्या घरातली, शिकणारी. आता तिथे मोबाइल सुटत नाही म्हणून समुपदेशनाला येणारेही असतात. येरवड्याला आहे. आधी फोन करून वेळ घे. भरती व्हावं लागेल ही भीती मनातून काढ. बोलायला जायचंय.

तेवढंही जड वाटत असेल तर १४४१६ हा नंबर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, सरकारी, २४ तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं ते एका गोष्टीसाठी: जगायचंच नाही असं कुठे म्हणतोयस का. नाही म्हटलंयस. पण रात्री अडीचला तसा विचार आला असेल, एकदाही, तर मी वर सांगितलेली वही वगैरे सगळं बाजूला ठेव आणि त्याच मिनिटाला हा नंबर लाव. रूममेटला उठव. तीच गोष्ट पैशांची. रील्सच्या आडून पैसे लावायचा एखादा खेळ चालू असेल आणि तू तो पत्रात लिहिला नसशील, तर समुपदेशकापासून लपवू नकोस. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने बंदीचा कायदा केला, तरी त्यातून झालेली उधारी कायद्याने फिटत नाही.

गोळीचं उत्तर: मोबाइल सुटावा म्हणून गोळी नाही. पण अशा सवयीखाली कधीकधी नैराश्य दडलेलं असतं, कधी लहानपणापासूनची एकाग्रतेची अडचण, कधी चिंता, आणि त्यांवर औषधं आहेत. भूक गेली असेल, सकाळी उठवत नसेल, आधी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागात ओपीडीला दाखव. केसपेपर काढायला थोडी रांग लागेल. त्या रांगेत मोबाइल बघितलास तरी चालेल.

राहता राहिला रविवार. "विचारूच नका" म्हणालास, पण मला न विचारताही कळतं. रविवारी संध्याकाळी मेस बंद. खोलीतले बाहेर गेलेले. अभ्यासिका अर्धी रिकामी. वडापाव आणून कॉटवर आडवं पडायचं आणि एका हाताने खात दुसऱ्या हाताने सुरू. आठवड्यात सहा दिवस सांभाळलेलं तिथे वाहून जातं. म्हणून रविवार आधीच बांधून ठेव. सहाच्या आत अप्पांना फोन, अजून उजेड असताना, पर्वतीवर बसून. मग कुणाबरोबर तरी जेवायला जा. कॉटवर खायचं नाही. खोलीतलं कुणी नसेल तर अभ्यासिकेतल्या शेजारच्या टेबलावरच्याला विचार. चार वर्षं शेजारी बसून त्याचं नावही माहीत नसेल कदाचित. त्याचाही रविवार तसाच जात असणार.

एक महिन्याने मला पुन्हा लिही. मेल नको. वहीतलं एक पान फाडून पाकिटात घालून पाठव, कुठलंही, वाईट दिवसाचं असलं तरी. अक्षर कसंही असू दे.

– तुझी ताई